मंदाच्या नावाची पाटी

मंदा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या तोंडून देवाचं नाव निघालं नाही, शिवी निघाली. वडगावच्या बाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघत होते. फोन तिच्या मुलीचा, प्रज्ञाचा. "मावशी, आई गेली..." एवढंच म्हणाली आणि पुढं नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मी जी शिवी दिली ती इथं छापता यायची नाही. भाजीवाली भडकली, "जुडी न्हाई आवडली तर ठेव की खाली! मला कशापायी?" आता तिला काय सांगायचं, की बये, तुला नाही गं दिली, ज्याला दिली तो या घटकेला गार खोलीत बसून चहा पीत असेल. मेथी तिथंच टाकली आणि मिळेल ती रिक्षा करून इंदुरी गाठली.

त्याला आता काही आठवडे झालेत. गेलेल्या माणसावर लिहायचं तर मन शांत करून लिहावं म्हणतात. माझं शांत नाही आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही. मंदा कशी होती, काय खायची, कशी हसायची, हे सगळं मी सांगणार आहे. पण ती कशानं गेली हे आधी सांगते, कारण तेवढं सोडून बाकी सगळं बोलायला लोक तयार आहेत. मंदाच्या किडन्या गेल्या. त्या गेल्या कारण आमच्या कारखान्यात बायकांना लघवीला जाऊ देत नव्हते. सकाळच्या चहाबरोबर हा शब्द वाचताना कसंसंच होत असेल तर होऊ दे. आम्ही वर्षानुवर्षं तो पोटात धरून बसलो होतो, तुम्ही एकदा वाचा.

हायवेला लागून निळ्या पत्र्याची लांबलचक शेड दिसते ना, तो आमचा कारखाना. नाव छापायचं नाही असं या पेपरच्या पुरवणीवाल्यांनी आधीच बजावलंय. बरं. ज्याला समजायचं त्याला समजेल, आणि हा अंक त्याच्या टेबलावर जाईल याची व्यवस्था मी केली आहे. तिथं परदेशातल्या एका बड्या ब्रँडचे शर्ट शिवले जातात. एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही. मशिनी ओळीनं मांडलेल्या असतात, तिला लाइन म्हणायचं; एकीनं कॉलर जोडायची, दुसरीनं बाही, तिसरीनं कफ, आणि माल हातोहात पुढं सरकायचा. मधली एक जरी उठली तरी तिच्यापुढं ढीग साचतो आणि पुढच्या सगळ्याजणी रिकाम्या हातानं बसतात. म्हणून कुणी उठायचं नाही, असा कायदा. आमची शेती भाताची, घरापुरती. सासरच्यांनी नाकं मुरडली तरी मी कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी मला मंदाच्या शेजारचं मशिन मिळालं. ती कॉलरला, मी बाहीला. म्हणाली, "ये, बस. मशिन चावत न्हाई, सुपरवायझर चावतो."

त्या दिवशी थोडं काम झाल्यावर मी पिशवीतनं पाण्याची बाटली काढली. मंदानं माझ्या हातावर हात ठेवला. "आत्ता नगं. दुपारच्या सुट्टीत पी, तेबी घोटभर." आणि स्वतःच्या पदराच्या गाठीतला वाळवलेल्या आवळ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "ह्यो गालात धर. तहान लागत न्हाई." मला वाटलं, किती मायेची बाई! आणि मायेचीच होती. जुन्या बायका प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी आवळा द्यायच्या, नव्या सुनेला घरातलं सांगावं तसं सांगायच्या, की पाणी घरी जाऊन प्यायचं. पुढं मीही कितीतरी पोरींना आवळा दिला. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट तो आमचा शहाणपणा होता, आणि आवळा कुणाचा जास्त मऊ यावरून चढाओढ होती.

कारण असं, की लाइनला एक बिल्ला होता. लाकडाचा, सुतळी ओवलेला. तो गळ्यात असल्याशिवाय संडासाकडं फिरकायचं नाही, आणि अख्ख्या लाइनला तो एकच. सुपरवायझरच्या टेबलावर पडलेला असायचा. मागायला गेलं की तो पुरुष माणूस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "परत?" पाळी असली तर काय सांगायचं? बाया मान खाली घालून माघारी यायच्या. ही युक्ती होती आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरची. आम्ही सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणतो, मीही तेच म्हणते. बिल्ला आणल्यापासून माल वेळेत जातो असं ते मालकांना अभिमानानं सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या केबिनला आतच बाथरूम होतं, दारासमोर फुलाफुलांचं पायपुसणं होतं. संडासं बाहेर सहा-सात होती खरी, पण चालू दोनच. बाकीच्यांना कुलूप. का, ते विचारायची टाप कुणाची नव्हती.

मंदा एकदा मशिन चालवता चालवता म्हणाली, "सुमे, आमच्या आज्ज्याला पान्याला शिवू देत न्हवते. मला पानी प्यायला कुनाची मनाई न्हाई. प्याल्यावर जायाला मनाई. केवढी सुदारना झाली बग!" आणि स्वतःच खिदळली. इंदुरीच्या बौद्धवाड्यातली ती. प्रज्ञा लहान असतानाच मिस्टर गेलेले. रडगाणं म्हणून कधी गायली नाही. मशिनच्या आवाजात शीळ घालायची आणि सुपरवायझर मान वळवून वळवून थकायचा, शीळ कुठून येते ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिला निराळ्या कपात चहा दिला. कान तुटलेला, खिडकीत ठेवलेला कप. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मंदानं शांतपणे चहा संपवला, कप स्वतः विसळला, आणि फळीवर आमच्या सगळ्या कपांच्या मधोमध नेऊन ठेवला. वर म्हणाली, "मावशी, ऱ्हाऊ द्या आता हितंच. रोज दिसंल."  नंतर त्या कपाला हात लावायचा की नाही याचा विचार करण्यात सासूबाईंचे महिने गेले, शेवटी त्यातच चहा प्यायला लागल्या. मंदाची सूड घ्यायची रीत ही अशी होती. माझी निराळी आहे. मी तो कप सासूबाईंच्या पायाशी फोडला असता.

तिला त्रास सुरू झाला तो आधी आम्ही कुणी मोजलाच नाही. जळजळ व्हायची, ताप यायचा, कंबर धरायची. आमच्यात ते सगळ्यांनाच होतं. धने-जिऱ्याचं पाणी घ्यायचं, तेही घरी. कारखान्यात औषधाची पेटी होती, तीत एकच गोळी, दुखण्याची. डोकं दुखलं तर तीच, पाठ दुखली तर तीच, आणि मंदानं ती किती वर्षं किती खाल्ली असेल देव जाणे. मग पाय सुजायला लागले. चपलेत पाय मावेना म्हणून तिनं मुलीच्या बापाची जुनी चप्पल घालायला सुरुवात केली आणि त्यावरही विनोद केला. तळेगावला दवाखान्यात नेलं तेव्हा मी बरोबर होते. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्यानं विचारलं, "पाणी किती पिता?" मंदा हसायला लागली. त्याला वाटलं हिला समजलं नाही, म्हणून परत विचारलं. "डाक्टर, कामावर आमी पानी पीत न्हाई," ती म्हणाली, "आवळा खातो." त्यानं माझ्याकडं पाहिलं.  सारखं सारखं इन्फेक्शन होत राहिलं, अंगावर काढलं, वर गोळ्यांचा मारा; दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. डायलिसिस सुरू करावं लागलं. आणि तेव्हापासून तिला पाणी प्यायची बंदीच झाली. दिवसाचं पाणी मापून. तहान तहान व्हायची तिची, बर्फाचा खडा चघळत बसायची. इतकी वर्षं नोकरीसाठी तहान मारली, आणि आता जीव वाचवायला मारायची.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्याउभ्याच बोलले. ते म्हणाले, "सुमनताई, बायका घरीच पाणी पीत नाहीत, त्याला कंपनी काय करणार?" वर म्हणाले, मंदाला कामावरून काढणार नाही, तिला बसल्याबसल्या धागे कापायचं हलकं काम देऊ, आम्ही काही माणुसकी सोडलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर काही फेकून मारायला हाताशी नव्हतं, याची मला अजून चुटपुट आहे.

आता ऑडिटचं सांगते. ज्या ब्रँडचे शर्ट आम्ही शिवतो, त्यांची माणसं मधूनमधून कारखाना तपासायला येतात. कामगारांना नीट वागवतात का, पाणी, संडास, आगीची दारं, सगळं. न सांगता येतात म्हणे. कसलं न सांगता! मालकांचा लोणावळ्यात तुंगार्लीला तळ्याकाठी बंगला आहे, पाहुण्यांची सोय तिथं असते. तो बंगला सांभाळायला आहे माझी धाकटी जाऊ, शालन. दर वेळी मालकांना आठवडाभर आधी खबर असायची आणि शालनमुळे ती आम्हालाही असायची. मंदा धागे कापायला बसली त्यानंतरच्या खेपेला तिचा फोन आला, "ताई, चादरी काढल्यात धुवायला, मोठी पापलेटं सांगितल्यात. तुमच्याकडं कोन येतंय का?" दुसऱ्या दिवशी सुपरवायझर लाइनवर फिरून पढवायला लागला, बाथरूमचं विचारलं तर काय सांगायचं? 'कधीही जाता येतं.' म्हणा सगळ्या! बिल्ले कपाटात गेले. चालू असलेल्या दोन संडासांत साबण आले, वासाचे.

मी मंदाला म्हटलं, यावेळी मी खरं सांगणार, होऊ दे काय व्हायचं ते. ती धागे कापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू खरं सांगशील, बाकीच्या पढवलेलं सांगतील, आन तू खोटी पडशील. त्यापरीस कुनी काय बोलायचंच न्हाई. आपन सगळ्याजनी पानी पिऊ."

"म्हंजे?"

"म्हंजे पानी पिऊ! मानसं पित्यात तसं."

ऑडिटच्या दिवशी सकाळी कंपनीची बस इंदुरीला थांबली तेव्हा मंदा कळशी घेऊन चढली. प्रज्ञानं खालून दुसरी कळशी वर दिली. तळेगाव येईपर्यंत मंदा त्या हलत्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून प्रत्येकीला तांब्याभर पाणी पाजत होती. पुढच्या थांब्यांवर चढल्या त्यांनाही. काहीजणी नको म्हणाल्या, घाबरल्या. हिरा म्हणून आमच्यात एक आहे, कफवाली, ती तर तांब्या परत द्यायला लागली. मंदानं तिच्या तोंडाला लावला, "पी गं. माज्या वाटचंबी पी." तिला स्वतःला त्यातला घोटही चालत नव्हता हे हिराला ठाऊक होतं. प्यायली.

पाहुण्यांमध्ये ब्रँडची एक दिल्लीकडची बाई होती, केस बारीक कापलेली, हातात काही न घेता नुसतं बघत फिरणारी. साहेबांनी आधी आग विझवायचे लाल डबे दाखवले, मग कॅन्टीन, मग लाइन. तोवर आमच्या अंगाला घाम सुटला होता. बाई हिराजवळ थांबली, हिंदीत विचारलं, बाथरूमला जायला काही अडचण? "नहीं मॅडम, कभी भी जा सकते हैं," हिरा पढवल्याप्रमाणं म्हणाली, आणि पुढच्या क्षणाला मशिन तसंच सोडून पळत सुटली. तिच्यामागं मी. माझ्यामागं अख्खी लाइन, मग पलीकडची लाइन. बिल्ले कपाटात, अडवणार कोण? दोन दारांसमोर बायकांची जी रांग लागली ती कटिंगच्या टेबलांना वळसा घालून थेट गेटापर्यंत गेली. कुणी एक अक्षर बोलत नव्हतं. नुसत्या एका पायावरनं दुसऱ्या पायावर. आणि मंदा आपली कोपऱ्यात धागे कापत शीळ घालत होती.

ब्रँडच्या बाईनं बाकीच्या कुलपांकडं बोट केलं. साहेब म्हणाले, चावी सापडत नाही. ती म्हणाली, सापडेपर्यंत मी इथंच उभी राहते. आणि खरंच आमच्या रांगेत उभी राहिली. मग चावी सापडली. पहिलं दार उघडलं तसे आतून पुठ्ठ्याचे खोके तिच्या पायाशी येऊन पडले. सगळी संडासं वरपर्यंत खोक्यांनी भरलेली, आणि प्रत्येक खोक्यावर तिच्याच ब्रँडचं नाव. साहेबांचं तोंड त्या वेळी जे झालं, ते आठवलं की मला आजही जेवण गोड लागतं.

पण गंमत तिथंच संपली. चार दिवसांत बातमी फुटली, की ब्रँड ऑर्डर काढून घेणार. बदनामी नको, हात झटकून दुसरीकडं जाणार. साहेबांना आयतं कोलीत मिळालं. मंदानं तुमच्या चुली विझवल्या, असं त्यांनी माणसं धरून पसरवलं. बसमध्ये मंदाच्या शेजारी कुणी बसेना. हिरा तिला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुला काय जातंय? तू आज हायेस, उद्या न्हाईस. आमाला पोरंबाळं हायेत." मी हिराच्या अंगावर धावून गेले. मंदानं माझा पदर ओढून खाली बसवलं. खिडकीतनं बघत राहिली... डोळ्यांतनं पाणी आलं तेवढं पुसलं.

मग मंदानं आणि मी ब्रँडच्या बाईला निरोप धाडला, शालनकरवी. बाई अजून मालकांच्या बंगल्यावरच मुक्कामाला होती, तिनं दोघींना तुंगार्लीला बोलावलं. शालननं गेट उघडलं आणि आम्हाला ओळखत नसल्यासारखी बाजूला उभी राहिली, हसू दाबत. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, समोर तळं. बाई भली होती, मंदाच्या सुजलेल्या पायांकडं बघून कळवळली. पण म्हणाली, सॉरी, अशा कारखान्याबरोबर आम्ही काम करू शकत नाही, आमची तत्त्वं आहेत. मंदा आपल्या मराठमोळ्या हिंदीत बोलली, मी सरळ आपल्या भाषेत सांगते. "मॅडम, तुमी गेला तर तुमचं नाव चांगलं ऱ्हाईल. आमी कुटं जायाचं? शर्ट तर तुमी कुटंतरी शिवनारच. तितल्या बायका पानी पित्यात का, ते बघनार कोन? आन घाई तर तुमचीच हाय. आज बटनं बदला म्हनता आन परवा माल मागता. त्या घाईपायीच ह्यो बिल्ला निघाला. जायाचं न्हाई तुमी. हितं ऱ्हायाचं आन नीट करून द्यायचं. तुमचेबी खोके व्हते त्या संडासात."  बाईनं शालनला चहा आणायला सांगितलं आणि खुर्ची पुढं ओढून मंदाला विचारलं, "बताइए, क्या क्या चाहिए."

परतीच्या गाडीला वेळ होता. लोणावळा स्टेशनच्या बाकावर मंदाला बसवलं, तिला धाप लागली होती. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "कशाला थांबवलंस तिला? पडू दे बंद. त्या माणसाला रस्त्यावर आलेला बघायचाय मला. कुणी दारात उभं करू नये त्याला."

"त्यो कशाला रस्त्यावर येतोय? दुसऱ्या कारखान्यात जाईल आन दुसऱ्या बायकांच्या उरावर बसंल. न्हाई सुमे. त्याला हितंच ठिवायचा. रोज सकाळी त्यानं येऊन दारं उगडी हायेत का बघायचं, साबन हाय का बघायचं, आन आपल्याला इचारायचं, ताई, ठीक हाय ना? मरंस्तवर इचारायचं. ह्यापरीस मोटी शिक्षा हाय का? सांग."

मला तेव्हा पटलं नाही. ती जिवंत होती तोवर पटलं नाही.

ब्रँड राहिला. सोपं नव्हतं, वर्ष गेलं, कितीदा बोलणी फिसकटली, पण राहिला. बायकांची समिती निवडून आली आणि मंदा तिच्यात आली. बिल्ले गोळा करून कॅन्टीनमागच्या चुलीत घातले. सगळी दारं उघडी झाली. प्रत्येक लाइनला एक जादा बाई नेमली, एखादी उठली की तिच्या मशिनवर बसायला, म्हणजे ढीग साचत नाही. ब्रँडनं माल द्यायची मुदत वाढवली. गोळ्यांची पेटी गेली, नर्स आली. आणि साहेब, ज्यांनी बिल्ला आणला, त्यांच्यावरच रोज सकाळी फेरी मारायची जबाबदारी आली. ब्रँडच्या बाईनं ते त्यांचं नाव घालून लिहून घेतलं. मंदा सुजल्या पायांनी त्यांच्याबरोबर फिरायची. एकदा साबण हातात घेऊन वास घेतला, म्हणाली, "साहेब, ह्यो कापडाचा साबन हाय. अंगाचा आना." आणि दुसऱ्या दिवशी साहेब घेऊन आले. पण एक सांगते. दारं उघडी झाली तोवर मंदाला तिथं जायची गरजच उरली नव्हती. डायलिसिसच्या माणसाला लघवी होत नाही फारशी. ती दारं बघायची, आत डोकवायची, आणि परत येऊन बसायची. हे मी कधी कुणाला माफ करणार नाही.

शेवटी शेवटी तिचं बोलणं कमी झालं. इंदुरीला गेले की नुसता हात धरायची. मग तो बाजारातला फोन.

जलदानाच्या विधीला वाड्यातलं विहार भरून गेलं होतं. प्रज्ञानं तांब्यातून पाणी सोडलं, ते भांडं भरून बाहेर वाहीपर्यंत सोडायचं असतं. मंदानं आयुष्यभर मापून प्यालेलं पाणी असं सांडताना बघून माझा बांध फुटला. साहेब आले होते. पांढराशुभ्र शर्ट, मोठा हार, बरोबर फोटोग्राफर. मध्ये दोनदा उठून बाहेर गेले. साखर झालीय म्हणे त्यांना, सारखं जावं लागतं. मला आनंद झाला. विधी चालू असताना झाला, आणि तो मी लपवणार नाही.

मग ते बोलायला उभे राहिले. मंदाताई आमच्या परिवारातल्या होत्या. त्यांनी कंपनीला दिशा दिली. म्हणून बायकांसाठी जी नवी विश्रांतीची खोली बांधली आहे, तिला मंदाताईंचं नाव देण्याचं ठरलं आहे. पितळी पाटी तयार आहे. ब्रँडचे मोठे पाहुणे परदेशातून येणार आहेत, आणि फीत प्रज्ञा कापेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार, कुणालाही वाटेल चांगलीच गोष्ट आहे. मला दिसत होतं पुढचं. पाटीखाली उभे राहून हसणारे साहेब, तो फोटो ब्रँडच्या कागदांत, आणि वर्षा-दोन वर्षांत कुणाला आठवणार नाही की मंदाला मारली कुणी. तिचं नाव हाच त्यांचा साबण होणार होता. प्रज्ञा त्याच कारखान्यात माल तपासायला आहे. सगळे तिच्याकडं बघायला लागले. मी तिच्या कानाशी लागून एक वाक्य बोलले.

प्रज्ञा उठली. शिकलेली मुलगी, आवाज चढवत नाही. "पाटी लावा, साहेब. नावाखाली एक ओळ मात्र पाहिजे. आई कशानं गेली ती."

"बेटा, असल्या गोष्टी पाटीवर नसतात."

"मग आईचं नावही नसतं."

 साहेब मंदाच्या फोटोला हार घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. म्हणाले, "सुमनताई, मुलगी भावनेच्या भरात आहे. तुमचं ऐकते. तुम्ही तिला समजवा."

"समजावलंय की," मी म्हटलं. "ती ओळ मीच सांगितली तिला."

त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. ही माझी कमाई. मंदानं असं केलं नसतं, तिनं काहीतरी हसून बोलून त्यांना आणखी खोल रुतवलं असतं. मला तेवढं जमत नाही.

पाहुणे आले. उद्घाटन झालं, पण घाईत, नाव न घेता. पाटी कुठल्या कपाटात गेली कुणास ठाऊक. मात्र आम्हाला विचारायच्या आधीच त्यांनी खोलीच्या दर्शनी भिंतीत ती लावायला दोन मोठे स्क्रू ठोकून ठेवले होते, ते तसेच राहिले. एका सकाळी हिरा, तीच ती, खोलीत आली, तिनं गळ्यातली पाण्याची बाटली काढली आणि पट्ट्यानं त्यातल्या एका स्क्रूला अडकवली. मग दुसरीनं अडकवली. आता दिवसभर त्या दोन स्क्रूंवर बाटल्यांचे घोस लोंबत असतात, लाल, हिरव्या, पोरांच्या शाळेतल्या, कार्टूनवाल्या. बायका येतात, स्वतःची शोधतात, घटाघटा पितात, परत अडकवतात. साहेबांनी स्क्रू काढायला सुतार पाठवला होता. हिरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, "आदी साहेबांना म्हनावं, पाटीवर ती वळ लिहून आना. मग काडा." सुतार गेला, तो परत आला नाही.

साहेब रोज सकाळी फेरीला येतात. दारं बघतात, साबण बघतात, त्या भिंतीजवळ आले की मोबाइल काढतात आणि मान खाली घालून पुढं सरकतात. मग माझ्या मशिनजवळ येऊन विचारावंच लागतं, "सुमनताई, ठीक आहे ना?" मी लगेच उत्तर देत नाही. आधी धागा कापते, चष्मा पुसते, पाणी पिते. साखर वाढलीय म्हणून त्यांची बायको त्यांना नोकरी सोडा म्हणते असं परवा कानावर आलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. त्यांची तब्येत चांगली राहो. बदली न होवो, बढती न मिळो. शंभर वर्षं आयुष्य लाभो त्यांना, आणि त्यातला प्रत्येक दिवस याच शेडमध्ये उगवो.